सात पाच शून्य शून्य

चिंचवडहून विमान पकडायला निघालेल्या माणसाला लोहगावला एक अनुभव हमखास येतो. आपण बसलेलो असतो, पट्टे आवळून झालेले असतात, विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन थांबतं आणि थांबूनच राहतं. मग कानठळ्या बसवत एकामागोमाग दोन सुखोई उडतात आणि त्यानंतर आपला नंबर लागतो. तुकोबांच्या आजोळची ही धावपट्टी हवाई दलाची आहे. प्रवासी विमानं तिथे पाहुणी. ब्रिटिशांनी १९३९ मध्ये हा तळ उभारला तोच मुंबईच्या आकाशाची राखण करायला. देशातली पहिली सुखोई-३० विमानं १९९७ मध्ये इथेच दाखल झाली. इथला कंट्रोल टॉवरही हवाई दलाकडेच असतो.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यात आहे, कामासाठी सारखा जर्मनीला जातो. तो एकदा मला म्हणाला, "काका, आमचं विमान कुणी पळवलं तर हे सुखोई काय करणार?" मी हवाई दलात रडार ऑपरेटर होतो, पुढे पिंपरी-चाकण पट्ट्यात कारखान्यांच्या सुरक्षा विभागात नोकरी केली, म्हणून त्याने मला विचारलं. त्याला जिन्यात उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. ते आता सविस्तर लिहितो, कारण हा इतिहास मुंबईपासून सुरू होतो आणि तो आपल्याकडे फार तुटक सांगितला जातो.

आधी रडारला काय दिसतं ते सांगतो. रडार दोन तऱ्हांनी बघतं. पहिल्या तऱ्हेत लहरी सोडायच्या, त्या विमानावर आपटून परत आल्या की पडद्यावर ठिपका उमटतो. हा ठिपका मुका असतो. दुसऱ्या तऱ्हेत जमिनीवरून विचारणा होते आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर आपण होऊन उत्तर देतो, त्याला दिलेला चार आकडी क्रमांक आणि उंची कळवतो. हा क्रमांक वैमानिक हाताने बदलू शकतो. त्यातला सात पाच शून्य शून्य जगभर एकाच अर्थाने राखून ठेवलेला आहे: माझं विमान पळवलं गेलंय. शिवाय आपल्या संरक्षित हवाई पट्ट्यात शिरणाऱ्या प्रत्येक विमानाला हवाई दलाच्या एमएलयू या समन्वय कक्षाकडून एडीसी, म्हणजे हवाई संरक्षण परवानगीचा, नंबर घ्यावा लागतो. ज्याच्याकडे नंबर नाही, त्याच्याकडे आम्ही संशयाने बघायचो.

ही सगळी व्यवस्था बाहेरून येणाऱ्या शत्रूसाठी आहे. ज्याचा नंबर बरोबर आहे, मार्ग बरोबर आहे, उंची बरोबर आहे, अशा विमानात चौदाव्या रांगेतला माणूस उठून कॉकपिटकडे चालू लागला, तर रडारला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. आतल्या कुणीतरी ते बाहेर कळवावं लागतं. माझ्या मते अपहरणांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो: खबर कुणाला लागली, कधी लागली, आणि ज्याला लागली त्याच्या हातात काही करण्यासारखं होतं का.

१९७० च्या दशकात या प्रश्नाची धार कुणाला जाणवली नव्हती. १० सप्टेंबर १९७६ ला इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ दिल्लीहून जयपूर, औरंगाबाद करत मुंबईला यायचं होतं. सहा जणांनी ते लाहोरला नेलं. प्रवासी सुखरूप परत आले. त्या काळची अपहरणं बहुतेक अशीच संपायची आणि त्यातून जगभरच्या विमान कंपन्यांनी एक शिकवण पक्की केली: गप्प बसा, डोळ्याला डोळा भिडवू नका, विमान कुठेतरी उतरेल, बोलणी होतील. ही शिकवण भित्रेपणाची नव्हती. अपहरणकर्त्यालाही जगायचं आहे, विमान त्याच्यासाठी सौद्याचा माल आहे, हे गृहीत धरलं तर ती शहाणपणाचीच होती.

५ सप्टेंबर १९८६. पॅन अॅमची ७३ क्रमांकाची फ्लाइट पहाटे मुंबईहून निघून कराचीला उतरली होती. तिथून फ्रँकफर्ट आणि पुढे न्यूयॉर्क. जंबो विमान, आत पावणेचारशेच्या आसपास माणसं. सहा वाजायच्या सुमाराला विमानतळ सुरक्षेची वाटावी अशी गाडी विमानाशी आली आणि तिच्यातून उतरलेले अबू निदाल गटाचे चार बंदूकधारी जिना चढून आत शिरले. केबिनमध्ये आरडाओरडा, गोळीबार. त्या काही क्षणांत केबिन क्रूने कॉकपिटला इशारा दिला. कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर हे तिघे कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून दोराच्या साधनाने खाली उतरून निसटले.

वैमानिक प्रवाशांना सोडून पळाले, असं आजही काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही. चालवायला माणूसच नाही म्हटल्यावर ते अजस्र विमान कराचीच्या डांबरावर खिळून राहिलं. ते आकाशात गेलं असतं तर कुठल्या देशाच्या हवाई दलाने काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला असता. तो प्रश्न त्या एका इशाऱ्याने आणि त्या एका झडपेने कायमचा मिटवला. हवाई संरक्षणाचं इतकं चोख काम एकही लढाऊ विमान न उडवता झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण त्याची किंमत आत उरलेल्यांवर पडली. कॉकपिट रिकामं झाल्यावर विमानाची सूत्रं आली सिनियर पर्सर नीरजा भनोत हिच्याकडे. चंदीगडला जन्मलेली, मुंबईत वाढलेली, बॉम्बे स्कॉटिश आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेली. वडील हरीश भनोत पत्रकार. दोन दिवसांनी तिला तेवीस पूर्ण होणार होती. सकाळीच अपहरणकर्त्यांनी राजेश कुमार या भारतीय वंशाच्या तरुण अमेरिकी नागरिकाला दाराशी आणून गोळी घातली आणि खाली ढकललं. मग हुकूम झाला, सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करा. त्यांना अमेरिकी प्रवासी वेचून काढायचे होते. नीरजा आणि तिच्या सहकाऱ्यांनी पासपोर्ट गोळा केले आणि त्यातले अमेरिकी तेवढे लपवले, काही सीटखाली, काही कचऱ्याच्या खाचेत. बंदूक रोखलेला माणूस चार पावलांवर असताना हे करायचं. विमानात चाळिसाहून अधिक अमेरिकी होते. त्यांना वेगळं काढण्याचा डाव फसला. मी याला प्रतिकारच म्हणतो. मारामारी झाली तरच प्रतिकार, ही समजूत सिनेमाने आपल्या डोक्यात भरवली आहे.

रात्री विमानाची वीज पुरवणारं यंत्र बंद पडलं, दिवे मंदावले. अंधारात अपहरणकर्त्यांनी प्रवाशांवर सरळ गोळ्या झाडल्या, हातबॉम्ब फेकले. दारं उघडली गेली, माणसं घसरगुंडीवरून, पंखावरून उड्या टाकत सुटली. दाराशी असलेली नीरजा सगळ्यांत आधी बाहेर पडू शकली असती. ती इतरांना बाहेर काढत राहिली आणि तीन मुलांना आडोसा देताना तिला गोळ्या लागल्या. वीसहून अधिक माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. घाटकोपर पूर्वेला तिच्या नावाचा चौक आहे. पाकिस्तानी कमांडो विमानाशी पोचेपर्यंत आतलं हत्याकांड होऊन गेलं होतं. सोळा-सतरा तास हाताशी असूनही बाहेरचं सैन्य कामी आलं नाही, हे मला फार लागतं.

बाहेरचं सैन्य कामी येऊ शकतं, हे आपण स्वतः दाखवलेलं आहे. २४ एप्रिल १९९३ ला श्रीनगरला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान एकाने पळवलं आणि ते अमृतसरला उतरलं. मध्यरात्र उलटल्यावर एनएसजीच्या कमांडोंनी आत शिरून पाच मिनिटांत काम फत्ते केलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून एकशे चाळीसच्या आसपास माणसं, एकालाही खरचटलं नाही. मोहिमेचं नाव अश्वमेध.

त्याच अमृतसरला सहा वर्षांनी जे झालं, ते मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या सुरक्षा खोलीत टीव्हीवर पाहिलं. २४ डिसेंबर १९९९, दुसरी पाळी. काठमांडूहून दिल्लीला निघालेली आयसी ८१४ भारतीय हद्दीत शिरताच पळवली गेली होती. कॅप्टन देवी शरण यांनी इंधन कमी असल्याचं सांगून विमान अमृतसरला आणलं. सात वाजून एक मिनिटाला ते उतरलं आणि सात एकोणपन्नासला परत उडालं. अठ्ठेचाळीस मिनिटं विमान आपल्या जमिनीवर, आपल्या पोलिसांच्या नजरेसमोर उभं होतं. पंतप्रधान वाजपेयी त्या दुपारी स्वतः विमानप्रवासात होते आणि उतरेपर्यंत त्यांना अपहरणाची खबर नव्हती, असं त्यांच्या कार्यालयात काम करणाऱ्यांनी पुढे लिहिलं आहे. दिल्लीत बैठका चालू होत्या. एनएसजी अमृतसरला पोचलीच नाही. इंधनाचा टँकर विमानापुढे आडवा घालायचा बेत झाला, पण टँकरच्या हालचालीवरून अपहरणकर्त्यांना संशय आला आणि त्यांनी वैमानिकाला तसंच उड्डाण करायला लावलं. टँकर थोडक्यात वाचला. पुढे लाहोर, दुबई, कंदाहार. रुपिन कट्याल हा नवा संसार मांडलेला तरुण विमानातच भोसकला गेला. ३१ डिसेंबरला तीन अतिरेकी सोडून आपण आपली माणसं परत आणली.

विमानातल्या पुरुषांनी काही केलं का नाही, असं तेव्हा चहाच्या टपरीवरही ऐकू यायचं. मला त्या बोलण्याचा संताप यायचा आणि अजून येतो. पाच सशस्त्र माणसं, प्रवाशांच्या माना गुडघ्यात दाबलेल्या, डोळ्यांवर पट्ट्या. विमान कुठल्या देशात उभं आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ज्यांच्यापर्यंत कसलीच खबर पोचू दिली नाही त्यांच्याकडून शौर्याची अपेक्षा करायची, आणि ज्यांच्यापर्यंत सगळी खबर पोचली होती त्यांना मात्र काहीच विचारायचं नाही, हा कुठला न्याय? १९८६ च्या कराचीत कॉकपिट रिकामं करून विमान खिळवलं गेलं होतं. अमृतसरला ते खिळवायचं एवढं एकच काम होतं.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत अमेरिकेत ११ सप्टेंबर घडला आणि जुनी शिकवण एका सकाळीत मोडली. तिथल्या पळवलेल्या चारही विमानांच्या कॉकपिटमधून सात पाच शून्य शून्य कुणीच लावलं नाही. लावायला उसंतच मिळाली नाही. तीन विमानांचे ट्रान्सपॉन्डर बंद झाले आणि ती त्या भागातल्या हजारो मुक्या ठिपक्यांत मिसळली. पहिल्या विमानाची खबर हवाई संरक्षण केंद्राला धडकेच्या नऊ मिनिटं आधी मिळाली. बाकी तिन्ही विमानांच्या वेळी तेवढीही मिळाली नाही. नऊ मिनिटं म्हणजे किती, हे आपल्या भाषेत सांगतो. मिनिटाला चौदा किलोमीटर वेगाने जाणारं प्रवासी विमान चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिरावरून निघालं तर सात-आठ मिनिटांत दक्षिण मुंबईवर असतं.

त्यातली फ्लाइट ९३ मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. नेवार्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं ते विमान गर्दीमुळे रखडलं आणि ८ वाजून ४२ मिनिटांनी उडालं. या रखडण्याने सगळं बदललं. ९ वाजून २४ मिनिटांना कंपनीच्या डिस्पॅचरचा लेखी इशारा कॉकपिटमध्ये उमटला की घुसखोरीपासून सावध राहा, इतर विमानं वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांवर आदळली आहेत. कॅप्टनने दोन मिनिटांनी तो संदेश पक्का करून मागितला. आणखी दोन मिनिटांत, ९ वाजून २८ ला, अपहरणकर्ते आत शिरले. पण मागे बसलेल्या प्रवाशांनी आणि क्रूने घरी फोन लावले आणि घरच्यांनी टीव्हीवर पाहिलेलं त्यांना सांगितलं. अपहृत प्रवाशांना सहसा जे कळत नाही ते त्यांना कळलं: हे विमान उतरणार नाही, याचाच बॉम्ब होणार आहे. ९ वाजून ५७ ला ते कॉकपिटवर चालून गेले. १० वाजून ३ मिनिटांनी विमान पेनसिल्व्हेनियात शँक्सव्हिलजवळच्या माळावर कोसळलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून चाळीस जण गेले. वॉशिंग्टन तिथून वीस मिनिटांच्या अंतरावर होतं.

आणि हवाई संरक्षण? हे विमान पळवलं गेल्याची खबर सैन्याला मिळाली १० वाजून ७ मिनिटांनी. विमान पाडण्याची परवानगी केंद्रापर्यंत पोचली १० वाजून ३१ ला. अँड्र्यूज तळावरून मार्क सॅसव्हिल आणि हेदर पेनी हे दोन वैमानिक क्षेपणास्त्रं न लावलेली एफ-१६ घेऊन उडाले, वेळ आली तर स्वतःचं विमान धडकवायच्या तयारीने. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण तोवर फ्लाइट ९३ कोसळून बराच वेळ झाला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य हवाई दलाच्या आधी ते विमान रोखलं आतल्या प्रवाशांनी, कारण त्यांना खबर आधी मिळाली.

आपल्याकडे याचा हिशेब २००५ मध्ये मांडला गेला. मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने नवं अपहरणविरोधी धोरण मंजूर केलं. विमान जमिनीवर असेल तर ते उडू द्यायचं नाही. आकाशात असेल तर लढाऊ विमानांनी पाठलाग करायचा. त्याचा क्षेपणास्त्रासारखा वापर होणार हे स्पष्ट झालं तर ते पाडण्याचा हुकूम पंतप्रधान, संरक्षणमंत्री किंवा गृहमंत्री यांच्यापैकी जो आधी हाती लागेल त्याने द्यायचा. जर्मनीनेही त्याच वर्षी असा कायदा केला होता. तिथल्या, कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये त्यातली विमान पाडू देणारी तरतूद रद्द केली. निरपराध प्रवाशांना सरकार निव्वळ वस्तू मानू शकत नाही, अशी त्या निकालाची दिशा होती.

मी गणवेश घातलेला माणूस आहे, तरी मला कार्ल्सरूहच्या न्यायाधीशांचं म्हणणं पटतं. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राकडे झेपावणारं विमान पाडायला कुणीतरी सुखोईच्या वैमानिकाला सांगेल, तेव्हा तो काय करेल, हे मला चांगलं ठाऊक आहे. तो हुकूम पाळेल. पण त्या हुकमाच्या आधीची सात मिनिटं कशी वापरली गेली, याचा जाब हुकूम देणाऱ्यांना द्यावा लागला पाहिजे. अमृतसरच्या अठ्ठेचाळीस मिनिटांचा जाब कुणी दिला नाही, म्हणून हे लिहितोय.

आपल्या हवाई दलाला परकं विमान अडवता येतं याबद्दल शंका नाही. डिसेंबर १९९५ मध्ये पुरुलियात शस्त्रं टाकून गेलेलं एएन-२६ चार दिवसांनी परतीच्या वाटेवर असताना अडवून मुंबईला सहार विमानतळावर उतरवलं गेलं. त्यातला मुख्य सूत्रधार किम डेव्ही मात्र विमानतळावरून निसटला. जून २००९ मध्ये कंदाहारला निघालेलं अमेरिकी सैन्याचं सामान वाहणारं अजस्र एएन-१२४ परवानगीच्या तपशिलात विसंगती दिसल्यावरून मुंबईलाच उतरवलं. कागद जुळला नाही की आमची माणसं डोळ्यात तेल घालून बघतात. कागद जुळतो तेव्हाच अडचण असते.

२००१ नंतर कॉकपिटची दारं पोलादी झाली, आतून बंद. मला तो उपाय योग्यच वाटायचा. मग २४ मार्च २०१५ ला बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला जाणाऱ्या जर्मनविंग्जच्या विमानातल्या सहवैमानिकाने कॅप्टन बाहेर गेल्यावर दार लावून घेतलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर नेलं. दीडशे माणसं. बाहेर अडकलेला कॅप्टन ते दार फोडायचा प्रयत्न करत होता. प्रवाशांना प्रतिकाराची वाटच उरली नव्हती.

त्या जर्मनीवरूनच १६ फेब्रुवारी २०१७ ला मुंबई-लंडन जेट एअरवेजचं विमान चाललं होतं, आत तीनशे तीस प्रवासी. कलोनच्या आसपास त्याचा जमिनीशी संपर्क तुटला. ट्रान्सपॉन्डर चालू, मार्ग ठीक, पण हाकेला ओ नाही. जर्मन हवाई दलाने दोन युरोफायटर पाठवली आणि ती त्या विमानाच्या शेजारून उडत राहिली. दूरून चाललेल्या दुसऱ्या विमानातून कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ चाकणच्या त्या मुलाने मला मोबाइलवर दाखवला. अशा वेळी लढाऊ वैमानिक जवळ जातो आणि कॉकपिटच्या काचेतून आत कोण बसलंय ते डोळ्यांनी बघतो, पंख हलवून खूण करतो. रडारला जे कळत नाही ते त्याला बघायचं असतं. थोड्या वेळाने संपर्क परत जुळला आणि विमान लंडनला नीट उतरलं.

त्याच वर्षी ५ जुलैपासून आपला नवा अपहरणविरोधी कायदा लागू झाला. त्याची पहिली कसोटीही मुंबईच्याच विमानावर लागली. ३० ऑक्टोबरला मुंबईहून दिल्लीला निघालेल्या जेटच्या विमानात क्रूला स्वच्छतागृहात एक चिठ्ठी सापडली: विमानात अपहरणकर्ते आहेत, सामानाच्या जागेत स्फोटकं आहेत. विमान तातडीने अहमदाबादला उतरवलं. स्फोटकं नव्हती, अपहरणकर्तेही नव्हते. ती चिठ्ठी ठेवल्याबद्दल एका मुंबईकर सराफाला २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने जन्मठेप आणि पाच कोटींचा दंड ठोठावला. गुजरात उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुरावा अपुरा म्हणून त्याला निर्दोष सोडलं. चिठ्ठी कुणी लिहिली हा कोर्टाचा विषय, आणि कोर्टाला त्यावर सहा वर्षं लागली. त्या रात्री विमान अहमदाबादकडे वळवणाऱ्या वैमानिकाकडे खरं-खोटं तपासायला वेळ नव्हता, आणि त्याने तो घालवलाही नाही.